चतुःसीमा

भोसरीत आमच्या खाली पावडर कोटिंगचं दुकान,
त्यामुळे की-बोर्डवर रोज एक पिवळसर थर.
तो फुंकून मी जुनी फाइल उघडते.
एकेचाळीस ओळी. कुणी लिहिल्या ते वर आहे,
का लिहिल्या ते कुठेच नाही.

चिप करंगळीच्या नखाहून लहान, बत्तीस पायांची.
शकीलभाई तांबोळी भिंगाखाली तिला बसवतात,
आधी श्वास रोखतात, मग सोल्डर.
एकदा म्हणाले, हिच्या पोटात काय असतं?
म्हटलं, किल्ल्या.
आणि कुलपं?
कुलपं बाहेर. सगळी बाहेर.
"म्हणजे झाकली मूठ," म्हणाले,
आणि पुढचा बोर्ड ओढला.

मला मूठ उघडायची नाही.
ती कुठे आहे एवढंच लिहायचंय:
आधी घराणं, मग स्वल्पविराम, मग नाव;
कोणत्या बसवर, कितव्या पत्त्यावर;
घड्याळ किती वेगाने फिरवलेलं तिला सोसतं;
आणि ती आपणहून बोलू लागली
तर कोणत्या तारेकडे कान द्यायचा.
कर्नल जागा होतो तेव्हा त्याला काही दिसत नसतं.
उजव्या हाताला काय आहे
ते कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं.

पहिला मसुदा परत आला, खाली एकच ओळ:
हे ड्रायव्हरचं वर्णन झालं, हार्डवेअरचं करा.
मी लिहिलं होतं,
"रीसेटनंतर ड्रायव्हर तीस मिलिसेकंद थांबतो."
दुपारभर त्या वाक्याकडे बघत बसले. चहा गार झाला.
मग लिहिलं,
"रीसेटनंतर चिपला तीस मिलिसेकंद लागतात."
थांबणारा गेला. लागणं उरलं.

तेव्हा अण्णा आठवले.
हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर,
झेरॉक्सच्या पत्र्याला टेकून त्यांचा टाइपरायटर.
पूर्वेस अमुक, पश्चिमेस गट नंबर तमुक,
दक्षिणेस निवृत्ती पोकळे यांची सामाईक विहीर,
येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत.
पक्षकार रडायचे, सांगू लागायचे
कोणत्या भावाने काय केलं,
अण्णा ऐकायचे सगळं, टाइप करायचे नाहीत.
"माणूस लिहायचा नाही. जागा लिहायची."

पण सत्त्याऐंशी साली धायरीच्या एका खरेदीखतात
त्यांच्या हातून ओट्याचा ओढा झाला.
एका अक्षराने.
चूकदुरुस्तीला दोन्ही पक्ष लागतात,
आणि देणारा तोवर वारला होता.
पुढच्या प्रत्येक दस्ताने तो ओढा उतरवून घेतला.
आज तिथे सात मजले आहेत, खाली पार्किंग,
आणि कागदात अजून पूर्वेकडून पाणी वाहतंय.
अण्णा त्या रस्त्याने जायचं टाळायचे.

माझ्या फाइलीत अठराव्या ओळीवर तसंच एक नाव आहे.
अकरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून
एक अक्षर खाली-वर झालं.
वाटलं, पटकन सुधारावं. कुणाला कळतंय?
पण ते चुकीचं नाव वाचूनच
कुठल्या तरी टोलनाक्यावरचं यंत्र आज सकाळी सुरू झालं असेल,
कुठला तरी वीजमीटर आपली किल्ली शोधून बसला असेल.
त्यांच्या पोटात ते अक्षर
काळ्या दगडावरची रेघ.
मी त्याला हात लावला नाही.
शेजारी बरोबर नाव लिहिलं, आणि खाली:
"जुनं चालेल. नव्याने वापरू नये."

अण्णांना हे वाक्य मिळायला हवं होतं.

संध्याकाळी तपासणी चालवली, एकही चूक नाही.
मग बोर्डला वीज दिली.
काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या,
त्यात एक आमची: चिप सापडली.
शकीलभाईंनी भिंगावरून मान उचलली.
"ओळखलं का तिला?"

ओळखलं नाही हो.
पत्ता बरोबर निघाला, एवढंच.