बारावी कोंबडी

बुधवारी, घड्याळाच्या मनोऱ्याखाली,
चीजवाला गेरॅन्ट आणि जुन्या रेकॉर्डी विकणारा माणूस
यांच्या मधोमध माझं चार फुटांचं टेबल.
वर ताडपत्री. ती डाव्या कोपऱ्यात गळते,
म्हणून तिथे कापड मांडत नाही,
बटणांच्या बरण्या ठेवते.

आमच्या वेल्समध्ये दारं वाऱ्याने आपटतात.
म्हणून लोक माझ्याकडून कोंबड्या नेतात:
कापडाच्या, पोटात वाळू भरलेल्या,
दाराशी मुकाट बसून राहणाऱ्या.
वाळू आबरडव्हीच्या किनाऱ्यावरची,
बादलीभर, कुणी बघत नसताना आणलेली,
धुतलेली, ओव्हनमध्ये भाजलेली.
(एकदा भाजायला विसरले. शिंपल्यातलं काहीतरी
एका बाईच्या बैठकीच्या खोलीत आठवडाभर वास मारत होतं.
मी पैसे परत दिले. कोंबडी मात्र तिने ठेवून घेतली.)

गिऱ्हाईक वस्तू उलटी करून बघतं.
शिवण ओढतं, किंमत वाचतं,
सोबतच्या माणसाला म्हणतं, "हे तर मी घरीसुद्धा करीन."
करा की. सुई काही महाग नाही.
रात्री अकरानंतर तिचं नेढं दिसेनासं होतं,
ते धरून सात पौंड.

मैत्रिणींसाठी शिवते तेव्हा
उलटी बाजू तशीच राहते. गाठी, भरकटलेला धावदोरा,
एखाद्या टाक्यापाशी माझ्या बोटाचं रक्त.
त्या उलटून बघत नाहीत.
किंमत तेवढी विचारतात,
आणि मला तेव्हाच नेमकं ऐकू येत नाही.

ऑक्टोबरात मायर आली, दोन पिशव्या घेऊन.
योरवर्थचे सदरे.
"तीन मुलं, नऊ नातवंडं," ती म्हणाली, "बारा कर."
चहाला थांबली नाही.

कॉलरी आधी कापल्या. कॉलरींत तो अजून होता,
लोकरीचा तेलकट वास, तंबाखू,
चॅपलमध्ये चघळायच्या पेपरमिंटचा.
खिसे उसवले नाहीत.
खिसा आला तिथे पंख केला.

बाराही झाल्या. अकरा टोपलीत गेल्या.
एक, निळ्या चौकटीची,
बाजाराच्या कोंबड्यांत बसून राहिली
आणि बुधवारी भर दुपारी विकली गेली.
कागदात मीच गुंडाळली असणार. सुटे पैसेही मीच दिले असणार.

संध्याकाळी मोजताना पोटात गोळा आला.
गेरॅन्टला आठवलं: पिवळा रेनकोट, लाल गाडी,
मागच्या सीटवर कुत्रा.
कुठल्या दिशेने गेली?
त्याने चीजच्या सुरीने डोंगराकडे दाखवलं.
डोंगरापलीकडे अख्खं इंग्लंड आहे.

मायरने अकरा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
मी पाकीट पुढे सरकवलं.
"कुठली?"
"निळ्या चौकटीची. खिशाचं बटण तुटलेलं."
बराच वेळ नुसती किटली बोलत होती.

"तो सदरा त्याला कधीच आवडला नाही," ती म्हणाली.
"मी आणला होता."
मग, थोड्या वेळाने:
"कुत्रा केवढा होता?"
"मोठा, म्हणे."
"जन्मभर मेंढ्या राखल्या," मायर म्हणाली,
"आणि कुत्र्यांना घाबरायचा. शीळ घालायचा ती लांबूनच.
लोकांना वाटायचं, काय कसब आहे!"
आणि अशी हसायला लागली
की बशी मला तिच्या हातातून काढून घ्यावी लागली.

पाकीट तिने खिडकीत ठेवलं, जेरेनियमच्या कुंडीखाली.
अजून तिथेच आहे. कडा ओल्या झाल्यात.

त्या सदऱ्याची एक बाही माझ्याकडे उरली होती.
कफाला दोन काजं, दोन्ही धडकी.
काल रात्री तिची टाचण्यांची उशी केली,
कुणासाठी ते ठरवलं नाही.
किंमतीची चिठ्ठी लावलेली नाही,
आणि खालची गाठ
दिसते तशीच ठेवली आहे.