नर चावत नाहीत

गारिसाहून पूर्वेला, ताना नदीपासून बरंच आत
बशीसारखा एक खोलगट माळ आहे.
तिथून मी सहा पोती माती आणली,
तडकलेली, शेळ्यांच्या लेंड्या मिसळलेली.
बिले हिर्सी म्हणाला, "सरकारला आता मातीचीही टंचाई?"
मग स्वतःच पोतं उचलून गाडीत टाकलं, हात झटकले:
"ते पाण्यातून येत नाही, एबला. पाणी त्याला हाक मारतं."
मी मान हलवली. वहीत उतार लिहिला, अक्षांश लिहिला.

सहा वर्षं त्या माळावर पाणी थांबलं नव्हतं.
मी टबांत माती पसरली, पाणी ओतलं,
वर जाळी ताणून बांधली.
दुसऱ्या दिवशी वळवळ.
नवव्या दिवशी जाळीखाली गुणगुण,
सहा वर्षं अंड्यात दम धरून बसलेली लेकरं.

बर्फाच्या ताटलीवर त्यांना निजवलं.
भिंगाखाली आधी पाय बघायचे: पट्टे आहेत का, कुठल्या सांध्यावर.
मग मिशा. माद्यांच्या साध्या, दोऱ्यासारख्या,
नरांच्या झुबकेदार, वरातीला निघाल्यासारख्या.
पंचवीस-पंचवीसचे गट, नळीवर आकडा. नर वेगळे.
किलोन्झो हसला, "नर कशाला? नर चावत नाहीत.
फुलांचा रस पितात आणि मरतात."
म्हणूनच, म्हटलं.

काचेच्या पेटीत, नळीत स्टीलची गोळी, दोन मिनिटं थरथराट;
पंख, पाय, मिशा, सगळ्याचं राखाडी सरबत.
त्यातून जे काढायचं ते इतकं नाजूक
की बोटावरच्या घामानेही त्याचे तुकडे होतात.
मी हातमोजे दोनदा बदलते.
माझा स्पर्श न सोसणाऱ्या याच धाग्याने
मागच्या पुरात बिलेच्या वाडग्यात
आठवड्याभरात चाळीस मेंढ्या गाभडवल्या,
आणि त्या मेंढ्या ज्याने आपल्या हातांनी सोडवल्या
त्या गूलेदची, बिलेच्या भावाची,
नजर नेली.

तीन तुकडे असतात त्याचे.
थोरला नकला उतरवतो.
मधला दारं उघडायच्या किल्ल्या घडवतो.
धाकटा दोन्ही दिशांनी वाचता येतो:
इकडून वाचला तर नुसतं पांघरूण,
तिकडून वाचला तर चोर,
घरात शिरताच आधी कुत्र्याचं तोंड बांधणारा.

यंत्रात चाळीस फेऱ्या. तापव, निवव.
दर फेरीला दुप्पट, गावातल्या कुजबुजीसारखं.
बाविसाव्या फेरीला वीज गेली.
जनरेटरने आवंढा गिळला,
आणि धरलं.
पडद्यावर सगळ्या रेषा आडव्या पडलेल्या.
एकोणतिसाव्या फेरीला एकीने मान उचलली.
नळी एक्केचाळीस.
पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.
नुसत्या पाण्याची नळी तिन्ही वेळा मुकी.
नोंदवहीत बोट फिरवत आले:
एक्केचाळीस. नर.

ज्यांनी कुणाला चावलं नाही,
ज्यांना चावताच येत नाही,
त्यांच्या अंगात ही आईची ठेव.

बिलेला फोन लावला. मागे उंटाच्या गळ्यातलं लाकडी लोढणं वाजत होतं.
"मातीतच आहे," म्हटलं, "अंड्यांत. पाणी फक्त उठवतं."
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"पोतं उचलताना मी काय बोललो होतो?"
मी त्या दिवसाचं पान उघडलं.
उतार होता. अक्षांश होता. पोत्यांची संख्या होती.
"बरं," तो म्हणाला, "ते राहू दे.
माळावर पाणी कधी थांबणार, हे सांगतं का तुझं यंत्र?
कळप त्याआधी हलवायचाय."
यंत्र ते सांगत नाही.
म्हटलं, लस मागते. म्हटलं, गाभडलेल्या मेंढीला हात लावू नका.
"मग कोण लावणार?" म्हणाला.

टब अजून मागच्या खोलीत आहेत.
माती पुन्हा तडकू लागलीय.
सगळी अंडी पहिल्या पाण्याला उठत नाहीत,
काही दुसऱ्यासाठी थांबतात.
किलोन्झोने जाळीवर चिठ्ठी चिकटवलीय:
ओतू नये.