एका मिनिटाची नदी

सातपूरच्या आमच्या वाचनालयात
काउंटरशेजारी एक टीव्ही आहे,
कुणीतरी कॉलनी सोडताना दिलेला,
डावा कोपरा जरा हिरवट.
त्यावर मी पुस्तकांचे ट्रेलर लावते.
एक मिनिट. त्याहून जास्त
शिफ्टला निघालेला माणूस थांबत नाही.

पहिला केला तो एका कादंबरीचा,
अकरा वर्षांत जिच्या मागच्या चिठ्ठीवर
तारखेचा एकही शिक्का पडला नव्हता.
एक नावाडी, एक नदी, एक न आलेलं पत्र.
नदी आणली सोमेश्वरहून,
सेल्फीवाल्यांना चुकवत, खालच्या अंगानं,
दगडावर पाणी चढत होतं तेवढीच.
आवाज आमच्या शिपायाचा, भागुजी खैरेंचा.
म्हटलं, वाक्य अर्धवट सोडा.
म्हणाले, "ते कसं? मी सातवीसुद्धा पूर्ण केलीय."
मग जमलं त्यांना:
"नावाड्यानं वल्हं खाली ठेवलं, आणि"

आणि काय?
एक चप्पल पायात, एक बाहेर,
लोक विचारायचे.
मी कपाटाकडे बोट करायची.
रांगेत सहा नावं लागली.

सातवे कापडणीस.
टूलरूममधून रिटायर,
केसाइतका फरक बोटानं ओळखणारे.
पुस्तक परत ठेवत म्हणाले,
"तुमची नदी वाहते.
यातली पहिल्या पानापासून कोरडी आहे.
तो वल्हं ठेवतो ना, ते वाळूवर."

मी पुस्तक चाळलं होतं.
वाचलं नव्हतं.
एवढं कबूल करायला मला
स्वच्छ काउंटर दोनदा पुसावा लागला.

रात्री पावणेदोनपर्यंत वाचलं.
मग आवर्तन बंद असलेल्या आठवड्यात
टाळकुटेश्वराच्या पुलाखाली उतरले:
शेवाळ वाळून कागद झालेलं,
एका खळग्यात कुणाची तरी किल्ली.
नवा ट्रेलर केला. आवाज तोच.

कापडणीसांनी हेल्मेट न काढता
पूर्ण मिनिट पाहिला.
"आता मापात आहे," म्हणाले,
"पण आता हे नेणार कोण?"

तीन आठवडे शिक्का नाही.
काल टीव्ही बंद करताना भागुजी
रिमोट हातात धरून उभेच राहिले.
"ताई, वल्हं ठेवल्यावर
पुढं काय होतं हो?"

पुस्तक त्यांच्या नावावर लिहिलं.
शिपायाला सभासद क्रमांक लागतो का,
नियमात बघायचं राहिलंय.