उपरी असामी नऊ

मोडीत आधी रेघ ओढतात,
मग तिला अक्षरं टांगतात
दोरीवरच्या कपड्यांसारखी.

सकाळी अकराला दफ्तरखान्यात
माझ्यापुढे येतो एका गावाचा झाडा.
मिरासदार सतरा, नावानिशी,
कुणाचं शेत ओढ्याच्या कुठल्या अंगाला तेही.
त्याखाली, शाई संपत आल्यासारखं :
उपरी असामी नऊ.
बस. नऊ.

पोंक्षे सर चष्मा कपाळावर ढकलतात.
उपरि म्हणजे वर.
जमिनीत नाही, जमिनीवर.
कसेल, सारा भरेल, ऊठ म्हटलं की उठेल.
त्याचंच पुढे उपरा झालं असावं.
"असावं" ते दोनदा म्हणतात,
शब्दांच्या बाबतीत सावध माणूस.

मी टाचणात लिहिते : वर.

माझा बाप यल्लाप्पा धोत्रे
वर असा फारसा नसायचाच.
कात्रजपासून धायरीपर्यंत लोकांच्या रानात
सहा परस, आठ परस खाली.
दोराला धरून यायचा तेव्हा
पापण्यांवर मुरमाची भुकटी,
आणि मालक आधी पाणी बघायचा.
आता तिथे सोसायट्या. एकीचं नाव जलधारा.
रिक्षातून जाताना बाप बोट दाखवतो,
"हितं काळा फत्तर लागला व्हता.
सुरुंगाला बी दाद देईना."
सातबारा असो कुणाचाही.

परवा आमचे अकरा महिने भरले.
नव्या करारात एजंटने वाचून दाखवलं,
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.
बापानं मशीनवर अंगठा ठेवला.
मशीन म्हणालं, पुन्हा.
पुन्हा ठेवला.
पहारीनं रेषा कधीच पुसून नेलेल्या.
"काका, वरवर नको," एजंट म्हणाला,
"दाबून ठेवा."

रात्री बापानं विचारलं, आज काय वाचलंस?
एका गावातले नऊ जण, मी म्हटलं.
कुठले?
ते लिहिलेलं नाही.
तो आढ्याकडे बघत राहिला. मग,
"त्या गावाला हीर व्हती का?"

होती. सतरा नावांनंतर,
नऊच्या आकड्यानंतर, पान उलटल्यावर :
विहीर नवी, एक. खर्च रुपये साठ.
खणणाराचं नाव मी शोधलं होतं,
भिंगानं, समासातसुद्धा.

"साठ लागले म्हंजे कातळ असणार," तो म्हणाला,
"आन् लिवलंय म्हंजे पाणी लागलं असंल."
आणि कूस बदलून झोपला.