पाव इंच

भाग्यलतानं पहिले तीन दिवस दोरा दिलाच नाही.
पोराची चौथीची जुनी वही दिली, आखीव.
म्हणाली, रिकामी सुई चालवा मामय्या, रेघेवरून.
उजव्या बाजूला उभी राहून म्हणाली.
डावा कान लूमनं केव्हाच नेलाय,
हे तिच्या बापानं सांगितलं असणार तिला.
बत्तीस नंबरवर होता तो, मी तेहतीसवर.

एकोणतीस वर्षं माझ्यासमोर
चोवीसशे धागे ताणून उभे होते, एकही वाकडा नाही.
मला वाटायचं, सरळपणा माझ्या हातात आहे.
तो फणीत होता.
मी नुसतं तुटलेलं जोडायचो
आणि धोटा अडकला की शिवी द्यायचो.

लूम भंगारात गेले, किलोवर.
वजन करताना मी बाहेर चहा पीत बसलो.

आता साखर पेठेत, तापल्या पत्र्याखाली
बारा मशिनी, अकरा बाया आणि मी.
शाळांचे गणवेश.
माझ्याकडे सगळ्यात सोपं काम, कमरेचे पट्टे:
निळ्या जाड कापडावर लांबीभर पाच टिपा,
दोन टिपांत पाव इंच.
पाव इंच म्हणजे सुईपासून
मशिनच्या लोखंडी पायाच्या कडेपर्यंत.
माझ्या अंगठ्याचं नख त्याहून रुंद आहे.

वहीचं पान खिडकीशी धरून बघितलं.
भोकं रेघेवरून निघालेली,
मध्येच भागाकारात शिरलेली,
खाली उरलेल्या बाकी दोनला भोसकून
समासाच्या बाहेर.
अंबव्वा चिलका खोकली, हसू दाबायला.
तिनं जन्मभर विड्या वळल्या;
हजार मोजायला तिला मान वर करावी लागत नाही,
आणि सरळ जायलाही.

"सुईकडं बघू नका मामय्या,
सुई कुठं पळून जात नाही.
कडेकडं बघा.
अन् ओढू नका. कापड आपलं आपण जातं,
हात नुसता जवळ ठेवायचा."

नुसता जवळ.
हे मला घरीही कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दोरा. कापडाला रेघा नसतात.
पहिली टीप काठाच्या आधारानं गेली, बरी गेली.
दुसरी पहिलीकडं बघत गेली.
तिसरीच्या अर्ध्यात समोरच्या गल्लीतून
एकटाच उरलेला एक लूम सुरू झाला,
खटाक्‌ खट, खटाक्‌ खट,
आणि माझा पाय त्याच्या तालावर पडला.
बघेपर्यंत टीप दोन बोटं लांब वळण घेऊन
परत रस्त्याला लागली होती.

चौथी त्या तिसरीशी प्रामाणिक राहिली.
पाचवी चौथीशी.
पाव इंच, पाव इंच,
तंतोतंत वाकडं.

उसवत बसलो. उसवणं मला छान जमतं,
दोरा कुठं सुटेल ते बोटांना आधी कळतं.
पण दुसरा पट्टा, तिसरा पट्टा,
दुपारची कडक भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली, परत पट्टा.
पंधरा दिवसांत हात जरा निवला.
मग एका संध्याकाळी पन्नासाचा गठ्ठा मोजला,
एकोणपन्नास भरले.
तो पहिला वाकडा खिशात होता, उसवायचा राहिलेला.
सरकवला मध्ये. सुतळी बांधली.

रात्री गच्चीवर झोप नाही.
एकोणतीस वर्षांत हजारो चादरी गेल्या हाताखालून,
कुठली कुणाच्या अंगावर, कधी विचारलं नाही.
आणि हा एक पट्टा.

सकाळी सातला गेलो. शटर उघडं,
टेम्पो पहाटेच निघालेला, मंगळवेढ्याकडं.

आता कुठल्या तरी पटांगणात प्रार्थनेला रांग लागेल,
हातभर अंतर, सावधान,
आणि एका पोराच्या कमरेला
शेजारच्या गल्लीतला तो खटाका.
पोरगं बोट फिरवील कदाचित त्या वळणावरून,
फळ्याकडं बघायचा कंटाळा आल्यावर.

भाग्यलतानं खडू टोकदार करून समोर ठेवला.
मग वाकली, माझ्या डाव्या बाजूनं
काहीतरी म्हणाली.

मी कडेकडं बघत राहिलो.