सासूचं घर

पहाट. किनाबातांगान नदी,
दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची.
मिस्लिन इंजिन बंद करतो,
वल्हं पाण्यात नुसतं टेकवतो.
ऐक.

टोक.

मग इतका वेळ काहीच नाही
की मी दुर्बिणीची काच पुसून घेतो.

टोक.
टोक, टोक.

कुऱ्हाड, तो म्हणतो. धनेशाची.
एका जावयाचं सासूशी पटेना.
तिचं घर उंच खांबांवर; रात्री उठून तो
एकेक खांब तोडत गेला,
घर पडलं तसा हसत सुटला
आणि हसता हसताच पक्षी झाला.
अजून तेच करतो.

घाव जवळ जवळ येत जातात,
एकमेकांच्या अंगावर पडतात,
आणि वर कुठेतरी, पानांआड,
लाज नसलेलं ते हसू.
माकडंसुद्धा गप्प.

दिसला नाही.
मिस्लिन वहीत लिहितो: ५.४८. एकतीस घाव. हसला.
कधी हसत नाही, म्हणतो. मध्येच सोडून देतो.

जंगल उरलंय ते नदीपुरतं,
लुगड्याच्या काठाएवढं. आतलं सगळं लुगडं
तेलताडाने कधीच नेलं:
रांगेत, एका उंचीचं, ढोली नसलेलं.
ढोली पडायला झाडाला म्हातारं व्हावं लागतं.
मादी त्यात स्वतःला चिणून घेते,
चोच निघेल एवढी फट ठेवून,
आणि फटीशी उंबरं घेऊन येणारा तो,
महिनोन्महिने.

असं एक झाड आहे, दायांग रुबियाच्या जागेत.
मिस्लिनची सासू.
लग्नाच्या पहिल्या वर्षी, तो सांगतो वल्ह्याकडे बघत,
लाकूडवाल्यांनी मलाच पाठवलं, करवत देऊन.
ती भांडली नाही.
खोडाला पाठ लावून बसली, सुपारी कातरत.
दुपार झाली. दुपार गेली.
पेट्रोल तसंच परत आणलं मी.
मजुरी बुडाली ती बुडालीच.

जेवायला तिच्याकडे.
खांबांवरचं घर, शिडी ओली,
भात, नदीतली कोळंबी, कसल्यातरी आंबट रानफळाची चटणी.
वही तिला नकोच आहे,
पहाटेपासून जागी असते, सगळं ऐकलेलं असतं.
तरी ताट पुढे सरकवत
जावयाला विचारते:
हसलास का आज?