पन्नास पानं

जूनच्या पहिल्या मंगळवारी
मी हॉपच्या बागेत पानं मोजायला जातो.
मोजायचा असतो मावा,
पण वहीवर ‘पानं’ असंच लिहिलंय, वडिलांच्या अक्षरात.
ते तसंच राहू दिलं.

सात मीटर उंच तारा.
वेल घड्याळाच्या काट्यासारखा वळत चढतो,
उलटा गुंडाळला तर हट्टानं सुटतो.
झातेत्समधल्या पोरांना हे चालायला लागण्याआधी कळतं.

बाकीचं कळतं पान उलटं केल्यावर.
वरून पान पाहुण्यांच्या खोलीसारखं, लख्ख.
मागे शिरांच्या कडेकडेनं
फिकट हिरवे ठिपके, सोंड खुपसून बसलेले.
सगळ्या बायकाच. उन्हाळ्यात त्यांना नर लागत नाही.
आईच्या पोटात लेक,
लेकीच्या पोटात आधीच नात.
सोमवारी तीन दिसल्या,
गुरुवारी मावा पानात मावेना.

नदीकडच्या कुंपणापाशी आमचं आलुबुखाराचं झाड होतं.
सहकारी संस्थेचा सल्लागार झ्बिन्येक
जानेवारीत भिंग घेऊन आला.
कळीच्या बुडाशी काळी, चकचकीत अंडी,
खसखशीहून बारीक.
‘थंडी इथे काढतात,’ म्हणाला,
‘सप्टेंबरात इथेच परततात. हे त्यांचं माहेर.
तोडा.’

आई काही बोलली नाही.
फळीवरच्या मुरंब्याच्या बरण्या तिनं मोजल्या.
अकरा.
फेब्रुवारीत मी करवत लावली.
आतलं लाकूड तांबूस निघालं,
दोन दिवस त्याचा वास हातमोज्यांना होता.

पुढच्या जूनमध्ये, त्याच मंगळवारी,
ते आले.
पंख घेऊन, वाऱ्यावर, कुठूनही.
ओहर्झेच्या काठी मैलभर काटेरी झुडपं,
रेल्वेच्या भरावावर जंगली आलुबुखार,
शेजारी ओताकारच्या परसात तीन झाडं, सुतकी चेहऱ्याची.
किती माहेरं तोडायची?

आणि ढालकिडे आले नाहीत.
म्हणजे आले, पण तीन आठवडे उशिरा,
सगळं उरकल्यावर जेवायला पोचणाऱ्या नातेवाइकांसारखे.
एप्रिलमध्ये ते आमच्या झाडावरचा मावा खाऊन
माजायचे, असं आई म्हणते.
मी म्हणतो, एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही.
दोघंही आपापल्या जागी बरोबर असू.

दोनदा फवारलं. दुसऱ्यांदा उशीर झाला होता.
चिकटा गळाला, त्यावर काळी बुरशी धरली,
खालची बोंडं काजळी पुसल्यासारखी.
बिअरवाल्यांच्या माणसानं एक बोंड तळहातावर चुरडलं,
हुंगलं,
आणि रुमालानं हात पुसला.
भाव त्यानं नंतर सांगितला, पण तो मला तेव्हाच ऐकू आला होता.

त्या वर्षी आईनं उकडलेल्या गोळ्यांत
दुकानातले जर्दाळू भरले.
कोणी नावं ठेवली नाहीत.

आज एकतिसावं पान.
मावा चाळीस, जास्तच असेल, हलतात तेव्हा चुकतं.
पण त्यांच्यामध्ये ढालकिड्याची एक अळी,
काळी, नारिंगी ठिपक्यांची, तांदळाएवढी मगर,
एकेकीला उचलून चावत चाललेली.
बाजूच्या पानावर क्रायसोपाची अंडी,
केसाच्या टोकावर टांगलेली,
जणू कोणी पांढरी टाचणी टोचून हिशेब राखलाय.

फवारणीचा पंप शेडमध्ये धुऊन उपडा ठेवलाय.
वहीत लिहिलं: शुक्रवारपर्यंत थांबणे.
खाली तारीख. माझं अक्षर आता वडिलांसारखं व्हायला लागलंय.

परतताना कुंपणापाशी पाहिलं.
तोडलेल्या बुंध्याच्या मुळातून चार फुटवे आलेत.
तिघांना कोणी हात लावलेला नाही.
चौथ्याला काठी दिलीय,
हॉपच्याच सुतळीनं बांधून,
घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं.

खिडकीतून आईनं विचारलं, ‘किती?’
‘चाळीस,’ मी म्हणालो. मग म्हणालो,
‘आणि एक.’
तिनं खिडकी लावली नाही.